पाकीट बंद होतं म्हणून

१८ ऑक्टोबर २००१ रोजी वॉशिंग्टन शहराच्या ईशान्य भागातल्या ब्रेंटवूड टपाल केंद्रात पत्रकार परिषद झाली. अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल जॉन पॉटर यांनी पत्रकारांना मुद्दाम तिथेच बोलावलं होतं. अँथ्रॅक्सची पाकिटं पाठवणाऱ्याचा माग देणाऱ्याला दहा लाख डॉलरपर्यंतचं बक्षीस त्यांनी जाहीर केलं आणि टपाल सुरक्षित आहे, लोकांनी घाबरू नये, असं सांगितलं. केंद्राचं काम चालूच होतं. तीन दिवसांपूर्वी सिनेटमधले बहुमताचे नेते टॉम डॅशल यांच्या कार्यालयात जे पाकीट उघडलं गेलं, ते याच केंद्रातल्या यंत्रावरून पुढे गेलं होतं. पत्रकार परिषद चालू असताना तिथल्या काही कामगारांच्या अंगात ताप होता. पुढच्या चार दिवसांत त्यांतले दोघे गेले.

पॉटर खोटं बोलत नव्हते. आरोग्य यंत्रणेने त्यांना जे सांगितलं, तेच त्यांनी कामगारांना आणि देशाला सांगितलं. आरोग्य यंत्रणाही काही लपवत नव्हती. तिला जे वाटत होतं ते तिने सांगितलं. पण 'आम्हाला वाटतं' हे शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले, आणि कामगारांच्या कानावर आलं ते फक्त 'धोका नाही'. त्या शरद ऋतूतल्या अनेक चुकांमध्ये मला सर्वांत महागाची वाटते ती हीच.

हल्ल्याची सुरुवात महिनाभर आधी झाली होती. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि आठवडाभरातच, १८ सप्टेंबरचा ट्रेंटनचा शिक्का असलेली पाकिटं न्यूयॉर्कच्या प्रसारमाध्यमांकडे निघाली. ट्रेंटन म्हणजे न्यू जर्सी राज्याची राजधानी. त्या वेळी त्या पाकिटांकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. ३० सप्टेंबरला आरोग्यमंत्री टॉमी थॉम्प्सन दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत म्हणाले, की जैविक हल्ल्याच्या कुठल्याही प्रसंगाला तोंड द्यायला देश सज्ज आहे.

दोनच दिवसांनी फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात ६३ वर्षांचे रॉबर्ट स्टीव्हन्स दाखल झाले. एका साप्ताहिकाच्या छायाचित्र विभागात ते काम करत. ताप होता, बोलणं असंबद्ध झालं होतं. संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर लॅरी बुश यांनी त्यांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात काडीसारखे, जांभळे रंगलेले जिवाणू होते. मेंदूज्वरात असे जिवाणू सहसा दिसत नाहीत. बुश यांनी अँथ्रॅक्सची शंका घेतली आणि लगेच पाम बीच काउंटीच्या आरोग्य संचालक जीन मालेकी यांना फोन केला. आपल्याकडे गुरं पाळणाऱ्यांना हा रोग काळपुळी म्हणून ठाऊक आहे. माणसाला तो बहुधा कातडीला होतो आणि औषधाने बरा होतो. श्वासातून फुप्फुसात गेला तर मात्र जीव वाचणं अवघड. अमेरिकेत १९७६ नंतर श्वासातून झालेल्या अँथ्रॅक्सचा एकही रुग्ण नव्हता. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही, ही एक दिलाशाची गोष्ट.

४ ऑक्टोबरला निदान पक्कं झालं आणि थॉम्प्सन व्हाइट हाउसमध्ये पत्रकारांपुढे आले. हा एकट्यादुकट्याचा प्रकार आहे, दहशतवादाचा पुरावा नाही, असं त्यांनी सांगितलं. स्टीव्हन्स नुकतेच नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन आले होते आणि तिथे झऱ्याचं पाणी प्यायले होते, अशी भरही घातली. श्वासातून होणाऱ्या रोगाचा झऱ्याच्या पाण्याशी काय संबंध, हे ऐकून जिवाणूशास्त्राचे जाणकार चक्रावले. दुसऱ्या दिवशी स्टीव्हन्स वारले. त्यांच्या कार्यालयात संगणकाच्या कळफलकावर अँथ्रॅक्सचे बीजाणू सापडले, टपाल हाताळणारा एक सहकारीही आजारी असल्याचं कळलं आणि एकट्यादुकट्याचा प्रकार ही गोष्ट तिथेच संपली. मंत्र्यांचा हेतू लोकांचा धीर टिकवण्याचा होता. पण तपास सुरूही झाला नव्हता तेव्हा त्यांनी उत्तर देऊन टाकलं, आणि ते उत्तर आठवडाभरही टिकलं नाही. त्याच वेळी अटलांटात, रोगनियंत्रण केंद्रात म्हणजे सीडीसीमध्ये, या रोगावर आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ होते. त्या पहिल्या दिवसांत ते लोकांना दिसलेच नाहीत. बोलण्याचं काम वॉशिंग्टनने आपल्याकडे घेतलं होतं.

मग १५ ऑक्टोबर उजाडला. सिनेटच्या हार्ट इमारतीतल्या डॅशल यांच्या कार्यालयात एका शिकाऊ कर्मचाऱ्याने पाकीट उघडलं आणि बारीक पूड बाहेर उडाली. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता एका शाळेच्या चौथीच्या वर्गाचा होता. ती शाळाच अस्तित्वात नव्हती. आतल्या चिठ्ठीत अँथ्रॅक्सचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. इथे यंत्रणा विजेसारखी हलली. त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना सिप्रो या प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या आणि शेकडो लोकांच्या नाकातले नमुने घेतले गेले. अठ्ठावीस जणांच्या नमुन्यांत बीजाणू सापडले. त्यांतला एकही आजारी पडला नाही. औषध वेळेवर मिळालं की या रोगावर मात करता येते, हे त्या इमारतीत सिद्ध झालं.

पण ते पाकीट तिथे पोचलं कुठून? ११ ऑक्टोबरच्या सकाळी ते ब्रेंटवूडमधल्या वर्गवारीच्या १७ क्रमांकाच्या यंत्रातून गेलं होतं. हे यंत्र पाकिटांवरचे बारकोड वाचून ती ज्या त्या कप्प्यात टाकतं. रबरी पट्ट्यांमध्ये दाबली जात, प्रचंड वेगाने पाकिटं धावतात. यंत्रात कागदाचा चुरा साचतो आणि तो तेव्हा हवेच्या झोताने उडवून साफ केला जाई. दोन हजारांहून जास्त माणसं पाळ्यांमध्ये तिथे काम करत. त्यांतले बहुसंख्य आफ्रिकी-अमेरिकी होते.

टपाल खात्याने सीडीसीला विचारलं, आमच्या माणसांचं काय? उत्तर आलं, की पाकीट चिकटवलेलं होतं, वर कडांना टेपही होता. बंद पाकिटातून फुप्फुसात जाईल इतकी पूड निसटण्याची शक्यता नाही. तेव्हा ना केंद्र बंद झालं, ना गोळ्या वाटल्या गेल्या. कामगारांनी सुपरवायझरला विचारलं, युनियनने व्यवस्थापनाला विचारलं. प्रत्येक वेळी वरून तेच उत्तर खाली आलं आणि एकेक पायरी उतरताना ते आणखी ठाम होत गेलं.

त्याच वर्षी कॅनडाच्या संरक्षण खात्याने अल्बर्टातल्या सफील्ड इथल्या प्रयोगशाळेत निरुपद्रवी जिवाणू वापरून हेच तपासलं होतं. धमकीचं एक बनावट पत्र कॅनडात येऊन गेलं होतं म्हणून हा प्रयोग झाला. पाकीट उघडण्याआधीच कोपऱ्यांच्या फटींतून बीजाणू बाहेर येतात, असं त्यांना दिसलं. अहवाल सप्टेंबरमध्ये तयार होता, पण ब्रेंटवूडचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांसमोर तो वेळेत आला नाही. आणि अहवाल नसला, तरी न्यू जर्सीत टपाल कामगारांच्या कातडीला अँथ्रॅक्सच्या जखमा झाल्याचं १८ आणि १९ ऑक्टोबरला निश्चित झालं होतं. या माणसांनी एकही पाकीट उघडलेलं नव्हतं.

न्यू जर्सीची गोष्ट इथे थांबून सांगायला हवी, कारण हाती तितकीच अपुरी माहिती असताना वेगळं वागता येत होतं, हे तिथे दिसतं. ट्रेंटनचा शिक्का जिथे मारला जाई ते हॅमिल्टनचं टपाल केंद्र १८ ऑक्टोबरलाच बंद झालं. सर्व कामगारांना औषध द्या, असं सीडीसीने तेव्हा म्हटलं नव्हतं. तरी राज्याचे हंगामी आरोग्य आयुक्त जॉर्ज डिफर्डिनांडो यांनी १९ तारखेला खबरदारी म्हणून सर्वांनी प्रतिजैविक घ्यावं असा सल्ला दिला. पण घ्यायचं कुठून? आपापल्या डॉक्टरकडे जा, असं कामगारांना सांगण्यात आलं होतं. शुक्रवारचा दिवस, पुढे शनिवार-रविवार. हॅमिल्टनचे महापौर ग्लेन गिल्मोर यांनी गावातल्या रुग्णालयाशी बोलून कामगारांना तिथेच गोळ्या मिळतील अशी सोय केली. हॅमिल्टनच्या कामगारांपैकी काही जण आजारी पडले, काहींच्या फुप्फुसापर्यंत रोग गेला, पण कोणी दगावलं नाही. डिफर्डिनांडो यांना ब्रेंटवूडच्या डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं असं नाही. ठाऊक नाही हे त्यांनी मान्य केलं आणि सावध बाजूने निर्णय घेतला.

ब्रेंटवूडमध्ये मात्र १८ ऑक्टोबरपासूनचे तेच तीन दिवस हातचे गेले.

२१ ऑक्टोबरला, रविवारी, पहाटे पाचच्या आत थॉमस मॉरिस यांनी ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला. वय ५५, ब्रेंटवूडचे जुने कामगार. त्या संभाषणाची ध्वनिफीत पुढे जाहीर झाली. श्वास लागत असतानाही ते शांतपणे, एकेक तपशील क्रमाने सांगतात: नाव, पत्ता, काय होतंय. आपल्याला अँथ्रॅक्स झाला असावा असा संशय आहे. आठवडाभरापूर्वी एका सहकारी बाईंना पूड असलेलं पाकीट सापडलं होतं, आपण जवळच होतो, आणि ते काय होतं हे आपल्याला कोणीही नीट सांगितलेलं नाही. गुरुवारी डॉक्टरकडे गेलो होतो, त्यांनी व्हायरल असेल म्हणून अंगदुखीची गोळी घ्यायला सांगितलं. मग ते स्वतःची लक्षणं मोजतात आणि त्यातलं श्वास लागणं अँथ्रॅक्सशी जुळतं, हेही सांगतात. काही तासांत ते गेले.

मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला आहे. मॉरिस यांनी स्वतःच्या रोगाचं निदान अचूक केलं होतं. त्यांना कारण शोधायचं होतं आणि त्यासाठी हाताशी होतं एवढंच: एक पाकीट, एक कुजबुज, बातम्यांत ऐकलेली लक्षणं. डॅशल यांच्या पाकिटाचा रस्ता, ते कोणत्या यंत्रातून कधी गेलं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी ज्यांनी त्यांना तपासलं त्या डॉक्टरांनाही, ब्रेंटवूडचा माणूस तापाने आला तर काय समजायचं, हे कोणी कळवलं नव्हतं. लोकांशी बोलणं म्हणजे फक्त पत्रकार परिषद नव्हे. गल्लीतल्या दवाखान्यात रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला वेळेत फोन करणं हेही त्यातच येतं.

दुसरे जोसेफ कर्सीन, वय ४७. पंधरा वर्षांत आजारपणाची एकही रजा न घेतलेला माणूस, असं त्यांचे सहकारी सांगत. शनिवारी चर्चमध्ये त्यांना भोवळ आली. रविवारी ते रुग्णालयात गेले, पोटाचा विकार समजून त्यांना घरी पाठवण्यात आलं. सोमवारी सकाळी पुन्हा आणलं आणि त्याच दिवशी ते वारले. या दोघांच्याच सुमारास ब्रेंटवूडचे आणखी दोन कामगार व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या रुग्णालयात पोचले. त्यांतल्या एकाने आपण ब्रेंटवूडला काम करतो हे आवर्जून सांगितलं. साध्या एक्स-रेत फारसं काही दिसत नव्हतं, तरी तिथल्या डॉक्टर सेसील मर्फी यांनी सीटी स्कॅन करून घेतला. छातीच्या मध्यभागातल्या गाठी सुजलेल्या दिसल्या. ते दोघे वाचले.

ब्रेंटवूड केंद्र २१ तारखेला बंद झालं आणि कामगारांना गोळ्या घेण्यासाठी बोलावलं गेलं. शहराचे आरोग्यप्रमुख डॉक्टर आयव्हन वॉक्स यांनी महापौर अँथनी विल्यम्स यांच्यासोबत रोज पत्रकारांपुढे येऊन आज काय कळलं, काय बदललं हे सांगायला सुरुवात केली. लोकांना त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. देशाचे सर्जन जनरल डॉक्टर डेव्हिड सॅचर यांनी, टपाल कामगारांच्या बाबतीत आपण अधिक झपाट्याने पावलं उचलली नाहीत ही चूक झाली, असं उघडपणे कबूल केलं. त्या महिन्यात सरकारी माणसाच्या तोंडून आलेलं इतकं सरळ वाक्य मला दुसरं सापडत नाही. २५ ऑक्टोबरला अंतर्गत सुरक्षेचे प्रमुख टॉम रिज यांनी डॅशल यांच्या पाकिटातली पूड अतिशय शुद्ध आणि म्हणून जास्त घातक असल्याचं सांगितलं. आठवडाभर आधी तीच पूड साधारण प्रकारची असल्याचं लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाच्या प्रमुखांनी म्हटलं होतं. हा हल्ला मुद्दाम केलेला, म्हणून पाकीट एफबीआयच्या ताब्यात पुरावा म्हणून होतं आणि नमुने लष्कराच्या प्रयोगशाळेत. रोगाची साथ असती तर डॉक्टरांच्या टेबलावर जे पहिल्या दिवशी आलं असतं, ते तपासाच्या फाइलींतून फिरून यायला वेळ लागला.

रांगेत उभ्या राहिलेल्या कामगारांनी मनाशी काय मांडलं असेल? सिनेटच्या लोकांना त्याच दिवशी औषध, आम्हाला सहा दिवसांनी, तेही सहकारी आजारी पडल्यावर. संसदेच्या पोलिसांच्या कुत्र्यांचीही आमच्याआधी तपासणी झाली, ही तक्रार तेव्हा ब्रेंटवूडमध्ये प्रत्येकाच्या तोंडी होती. महिनाअखेर सिप्रोऐवजी डॉक्सीसायक्लीन द्यायला सुरुवात झाली. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर होतं: या जिवाणूवर ते तितकंच लागू पडतं आणि त्याचा त्रासही कमी. पण हे कारण कामगारांपर्यंत नीट गेलंच नाही. त्यांना दिसलं एवढंच, की सिनेटवाल्यांना महागडी गोळी आणि आम्हाला स्वस्त. नाकातल्या नमुन्यांचंही तसंच. बीजाणू इमारतीत कुठवर पसरले याचा नकाशा काढायला ते नमुने उपयोगी असतात. एखाद्या माणसाला लागण झाली की नाही हे त्यावरून ठरत नाही. हे सांगायचं राहून गेलं, तेव्हा नमुना न घेणं म्हणजे दुर्लक्ष असाच अर्थ निघाला.

या सगळ्यामागे एक जुनं नाव उभं होतं, टस्कीगी. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अलाबामात सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना औषधाविना ठेवून त्यांच्या रोगाचा 'अभ्यास' केला होता. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याबद्दल माफी मागितली. माफी मागून चार वर्षं झाली होती. ब्रेंटवूडच्या माणसांना हे सारं पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये त्याची किंमत दिसली. साठ दिवसांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. बीजाणू फुप्फुसात त्याहून जास्त काळ दडून राहू शकतात, अशी शंका तज्ज्ञांना होती. सरकारने तीन पर्याय दिले: इथेच थांबा आणि तब्येतीवर लक्ष ठेवा, आणखी चाळीस दिवस गोळ्या घ्या, किंवा गोळ्यांसोबत अँथ्रॅक्सची लसही घ्या. बीजाणूंशी संपर्क आल्यानंतर या लसीचा वापर तेव्हा मान्य नव्हता, म्हणून ती प्रायोगिक म्हणून, लांबलचक संमतिपत्रावर सही घेऊन दिली जाणार होती. यातलं कोणतं घ्यावं हे सरकारने सांगितलं नाही, तुम्ही आणि तुमचा डॉक्टर ठरवा म्हणाले. ऑक्टोबरमध्ये ज्यांनी ठाऊक नसताना खात्री दिली, तेच डिसेंबरमध्ये सल्ला द्यायचा तिथे मागे सरले. प्रयोग आणि सही हे दोन शब्द ऐकून कामगारांना टस्कीगी आठवलं नसतं तरच नवल. सुमारे दहा हजार लोकांना हे पर्याय खुले होते. लस दोनशेहून कमी जणांनी घेतली. पहिल्या साठ दिवसांच्या गोळ्यादेखील पूर्ण करणारे निम्म्याहून कमी निघाले. पुढे संशोधक जेव्हा ब्रेंटवूडच्या आणि सिनेटच्या माणसांशी बोलले, तेव्हा तक्रारींचा सूर वेगळा होता: टपाल कामगार पक्षपाताबद्दल बोलत, सिनेटचे कर्मचारी गोंधळाबद्दल. पण विश्वास दोघांचाही ढळला होता.

एकूण बावीस जणांना लागण झाली, पाच जण दगावले. गुन्ह्याचा तपास आठ वर्षांहून जास्त चालला. एका शास्त्रज्ञावर उघड संशय घेऊन त्याचं आयुष्य उसकटलं आणि शेवटी सरकारला त्याला भरपाई द्यावी लागली. २००८ मध्ये एफबीआयने फोर्ट डेट्रिकच्या लष्करी संशोधन संस्थेतले ब्रूस आयव्हिन्स यांच्यावर ठपका ठेवला. आरोपपत्र दाखल होण्याआधीच त्यांनी आत्महत्या केली होती. २०११ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सांगितलं, की केवळ शास्त्रीय पुराव्यावरून पुडीचा उगम निश्चित करता येत नाही.

२००२ मध्ये सीडीसीने आणीबाणीत लोकांशी कसं बोलावं यावर बार्बरा रेनॉल्ड्स यांच्या पुढाकाराने एक मार्गदर्शिका काढली. लवकर बोला, बरोबर बोला, विश्वास बसेल असं बोला, हा तिचा गाभा. काय ठाऊक नाही तेही सांगा आणि ते कळावं म्हणून काय चाललं आहे तेही सांगा, यावर तिचा भर होता. नंतर जगभरच्या आरोग्य खात्यांनी ती अभ्यासली.

पण ती तयार होत असतानाच कनेक्टिकट राज्यात वॉलिंगफर्डच्या टपाल केंद्रात वेगळंच घडत होतं. नोव्हेंबर २००१ मध्ये ९४ वर्षांच्या एका वृद्धेचा अँथ्रॅक्सने मृत्यू झाला. तिचं टपाल याच केंद्रातून येई. केंद्राची तपासणी झाली आणि डिसेंबरमध्ये कामगारांना सांगण्यात आलं, की काही यंत्रांवर लेशमात्र अंश सापडले आहेत. एका नमुन्यात मात्र सुमारे तीस लाख बीजाणू होते. २००२ च्या सुरुवातीला युनियनने तपासणीचे आकडे मागितले. कामगाराने मागितल्यावर अशी माहिती द्यावी, हा अमेरिकेतला कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा नियमच आहे. वॉलिंगफर्डचा कोणी कामगार आजारी पडला नव्हता, यंत्रं धुतली गेली होती, आणि तरी आकडा हाती यायला सप्टेंबर २००२ उजाडला. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या प्रकरणावर अहवाल दिला: युनियनने मागितल्यावरही आकडे रोखून धरण्याचा निर्णय नियमाला धरून नव्हता, आणि मोजणीचे निकाल कामगारांना सांगण्याबद्दल टपाल खात्याने आपल्या सूचना सुधाराव्यात.